आधी मीटर तपासायचा

तळोज्याच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी तीस वर्षं ऑपरेटर होतो. नव्या पोरांना एकच गोष्ट बजावायचो: रीडिंग भलतंच आलं की आधी मीटर तपासायचा, मग प्लांटकडे धावायचं. एकाने न तपासताच प्लांट बंद केला, तेव्हा सगळ्यांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचारा जेवलाही नाही.

रिटायर झालो आणि प्लांटजवळच्या नावड्यातल्या घरात वेळ खायला उठला. म्हणून ताऱ्यांच्या नादी लागलो. मृगातला तांबडा काक्षी आणि जवळची रोहिणी, दोघांत जास्त तेज कुणाचं ते रोज वहीत लिहायचं. काटा वाचताना एक डोळा मिटायची आमची सवय, म्हणून ताराही उजव्या डोळ्यानेच बघायचो. बायको मोरा बंदरातली, तिच्या बापाची मासेमारीची होडी. तारे तिला माझ्याआधीपासून ठाऊक, पण वही माझी!

त्या हिवाळ्यात काक्षी खरंच मंदावला. पेपरात रोज नवं कारण. कुणी म्हणे धुळीचा ढग आडवा आलाय, कुणी म्हणे ताऱ्याचा एक भाग थंड पडलाय, कुणी म्हणे आता फुटणार. मला तर तो फुटायलाच हवा होता, खोटं कशाला बोलू!

मग लॉकडाऊन लागलं. सोसायटीने गेटला कुलूप घातलं, भाजी दोरीने वर यायची. दोन खोल्या आणि ग्रिल लावलेली गॅलरी, जीव नुसता गुदमरायचा. संध्याकाळी ग्रिलला कपाळ टेकून काक्षी बघायचा, तेवढंच काय ते बाहेर जाणं.

एप्रिलमध्ये मोबाईलवर बातमी आली की काक्षी पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी बघितलं. कसला पहिल्यासारखा? आधीपेक्षा फिका!

"वाट्टेल ते छापतात," मी म्हणालो.

"मना तर चांगला लाल दिसतो," बायको म्हणाली.

"तुला काय कळतं गं त्यातलं?" मी खेकसलो. ती आत निघून गेली.

आठवडाभर मी कारणं शोधली. धूर म्हणावा तर कारखाने बंद, आभाळ कधी नव्हे इतकं स्वच्छ. चष्मा पुसला, ग्रिल धुतलं. काक्षी रोज फिकाच.

आठव्या दिवशी ती शेजारी येऊन उभी राहिली. "अहो, आता रोहिनीकडं बघा. तिकडंच बघा नुस्तं."

बघितलं. रोहिणी डोळ्यांदेखत विझत गेली आणि कडेला काक्षी लख्ख पेटला. नजर काक्षीवर आणली तर तो विझला, रोहिणी उजळली. जिकडे रोखून बघावं तेच विझायचं.

"तीस वर्षं ऐकतेय मी, आधी मीटर तपासायचा," ती हळूच म्हणाली. "तुमचा तपासला का?"

डावा डोळा मिटून मी तिच्याकडे वळलो. केस दिसले, कानातल्या कुड्या दिसल्या. मध्ये चेहरा नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना बंद, सगळं उघडल्यावर या म्हणाले. मी चिडलो, ओरडलो, मग रडलो. गेटला कुलूप होतं ते होतंच.

त्यानंतर मी तारा सोडला. रोज संध्याकाळी ती समोर न हलता बसायची आणि मी उजव्या डोळ्याने तिचं रीडिंग घ्यायचो, आज ती किती दिसते ते. गेट उघडलं त्या दिवशी कुड्याही दिसत नव्हत्या.