लॉन्ड्रीखालचा खड्डा

माझ्या बायकोला जमिनीखालचं दिसतं. डोळ्यांसमोर उतू जाणारं दूध दिसत नाही, तो भाग वेगळा. नदीच्या खोऱ्यातलं भूजल मोजणं हे तिचं काम. विहिरीविहिरीत टेप सोडायची, पातळ्या संगणकात भरायच्या, मग तिथलं मॉडेल सांगणार की पुढे पाणी कुठे टिकेल आणि कुठे आटेल. माणसांचं भविष्य सांगितलं असतंस तर एव्हाना बंगला झाला असता, असं मी म्हणतो. ती चष्म्यावरून बघते आणि मी चहा टाकायला उठतो.

यंदाच्या नकाशात खोऱ्याच्या मधोमध लाल खड्डा उमटला. म्हणजे तिथलं पाणी सगळ्यांत खाली गेलेलं. लाल भागातले पंप नगरपालिका बंद करणार होती. आणि खड्ड्याच्या बरोबर मध्यावर माझ्या थोरल्या भावाची लॉन्ड्री!

दादा तणतणतच घरी आला. "घरचीच माणसं मुळावर उठली!"

"मी फक्त नकाशा काढलाय, दादा. पाणी मी नाही उपसलं."

"अगं, तू टेप सोडलीस तेव्हा माझा पंप चालू होता! पाणी खाली दिसणारच की!"

बायकोने चक्क मान डोलावली. लग्नानंतर हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहिलं. कारण दादाचं खरं होतं. पंप बंद करायचा, पाणी वर येऊन स्थिरावू द्यायचं आणि मगच मोजायचं, हा तिचाच नियम. परक्यांचे पंप ती दरडावून बंद करायला लावते. पण थोरल्या दिराला 'मशिनं थांबवा' कसं म्हणायचं? तिथे आमच्या बाईसाहेब लाजल्या!

पुन्हा मोजण्यासाठी रविवारी लॉन्ड्री बंद ठेवली. हॉटेलच्या मळक्या चादरींचे ढीग दारापर्यंत आलेले, वहिनी आत धुसफुसतेय आणि आम्ही तिघं लॉन्ड्रीमागच्या विहिरीपाशी बसलेलो. दादा सारखा वाकून "आलं बघ, आलं!" म्हणत होता. मला मनापासून वाटत होतं, पाणी वर यावं आणि बायको चुकीची ठरावी. तिलाही तेच वाटत असणार. टेप ती पुन्हा पुन्हा सोडून बघत होती.

संध्याकाळपर्यंत पाणी चढलं ते जेमतेम वीतभर.

दादाने टेपचा ओला भाग बोटांनी चाचपला. "एवढंच?"

"एवढंच."

"तुझं ते मॉडेल काय म्हणतं?"

"असाच उपसा चालला तर दोन वर्षांत विहीर कोरडी. शेजारच्यांच्याही."

"आणि थांबवला तर?"

"हळूहळू भरेल, दादा."

दादा विहिरीत बघत राहिला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. जन्मभर माझ्यावर ओरडलेला माणूस, आणि आता ओरडायला समोर कोणी नव्हतं.

आतून वहिनीची हाक आली, "झालं ना मोजून? लावू का पंप?"

"राहू दे," दादा म्हणाला. "चादरी तशाच परत पाठव."