ओला बोळा

पाटी पुसायच्या ओल्या बोळ्याचा कुबट वास आला की मला कुहीजवळचं आमचं गाव आठवतं आणि देवळासमोरचा तो मांडव. मुलींना शाळेत घाला, असं सांगायला शहरातून, सीताबर्डीच्या बायका बैलांच्या दमणीतून आल्या होत्या. हळदीकुंकू ठेवलं की आया पोरींना घेऊन येतात, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हाला ओळीत बसवलं. कपाळावर कुंकू आणि मांडीवर नवी पाटी, की नाव लागलं. मी शेवटची, माझ्या आधी माझी नऊ-दहा वर्षांची चुलत बहीण, घरी न सांगता येऊन बसलेली. तिला कुंकू लागलं, पाटी मिळाली, तेवढ्यात मागून तिची आईच म्हणाली, “बाई, माया पोरीचा नवरा मेला हाय. तिले कुंकू काहून लावता?” कुंकू लावणाऱ्या बाईंनी पाट्यांजवळचा ओला बोळा उचलला आणि पाटी पुसावी तसं तिचं कपाळ घासून पुसलं. लाल पाणी तिच्या नाकावरून ओघळलं. ती हळूच म्हणाली, “कुंकू नोका लावू. पाटी राहू द्या मले.” “आज शुभकार्य आहे, बाळ,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. पाट्या संपल्या होत्या, म्हणून तिच्या मांडीवरची उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मग सगळ्यांनी मुलींच्या शिक्षणाचं गाणं म्हटलं. पुढे मी शिकले, मास्तरीण झाले. सुरुवात त्याच पाटीवर केली. तिच्यावर त्या लाल पाण्याचा एक थेंब वाळला होता. पहिलं अक्षर काढण्याआधी मी तो बोळ्याने पुसून टाकला.