न उडणाऱ्या विमानाचा एक तास

भूगोलाच्या तासाला नकाशावरील अंतर मी मुलांना दोन प्रकारे मोजायला लावत असे. आधी दोन गावांवर सरळ पट्टी ठेवायची. मग रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवून तो दोरा पट्टीवर धरायचा. दोन्ही उत्तरे बरोबरच असतात, परंतु माणूस दुसऱ्या उत्तरानेच मुक्कामी पोहोचतो. रोह्याच्या शाळेत पाचवीतल्या मुलांना हे कळत होते. माझ्या इंजिनिअर भाच्याला कळले नाही.

त्याच्या बहिणीचे लातूरला लग्न होते. वधूला हात धरून बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा, आणि मी तिचा एकुलता एक मामा. मुंबईकडच्या पाहुण्यांसाठी भाच्याने गाडी ठरवली होती. मी रेल्वेने पनवेलला जाऊन तीत बसायचे, असे ठरले होते. आदल्या दुपारी बॅग भरत असताना त्याचा फोन आला.

"मामा, तुमची जागा बाबांच्या मित्राला दिली. तुम्ही विमानानं या. रत्नागिरी ते लातूर, फक्त एक तास!"

"तिकीट काढलंस?"

"ते तुम्ही तिथून काढा ना. वेळ मी वेबसाइटवर बघितलीय."

त्याने ते पान पाठवले. दोन विमानतळ, मध्ये एक सरळ रेघ, किलोमीटर आणि उड्डाणाचा अंदाजे वेळ. विमान कोणते, सुटणार कधी, याविषयी एक अक्षर नाही. असणार कसे? त्या दोन विमानतळांदरम्यान प्रवासी विमान जातच नव्हते. यंत्राने पट्टी ठेवली, अंतराला वेगाने भागले आणि उत्तर छापले. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते, तर मी त्याला उभे करून विचारले असते, "बाळ, यातले विमान कुठे आहे?"

माझी पत्नी जवळच्याच गडब गावची. तिने चष्मा लावून ते पान पाहिले.

"रत्नागिरीला? म्हंजे आधी अर्धा दिवस उलटं जायाचं? त्यापरीस चंद्रावर जावा. तिथलं पन अंतर देत असतील!"

मी भाच्याला फोन लावला. तोवर गाडीने पनवेल सोडले होते.

"अरे, हे विमान अस्तित्वात नाही."

"मामा, तुम्ही जुन्या पद्धतीनं विचार करता. साइट कशाला खोटं सांगेल?"

ती खोटे सांगत नव्हती. अंतर खरे होते, भागाकारही खरा होता. म्हणूनच माझा संताप अधिक झाला. खोट्याला खोटे म्हणून बाजूला सारता येते. निरुपयोगी खऱ्याशी भांडायचे कसे?

मी मिळेल त्या गाडीने पनवेल गाठले, तिथून पुणे. लग्नसराईमुळे लातूरच्या बसगाड्या तुडुंब भरून जात होत्या. पहाटे एका बसमध्ये ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, इंजिनच्या गरम झाकणावर जागा मिळाली. सोलापूरच्या रस्त्यावर सूर्य वर चढत होता आणि मी मुहूर्ताचे गणित पुन्हा पुन्हा मांडत होतो. ते एकदाही सुटले नाही.

मी कार्यालयात शिरलो तेव्हा अक्षता जमिनीवर सांडल्या होत्या आणि वाजंत्रीवाले चहा पीत होते. भाचीला बोहल्यावर तिच्या बाबांच्या त्या मित्राने आणले होते, माझ्या जागेवर बसून आलेल्याने. भाचीने मला पाहिले, हसण्याचा प्रयत्न केला आणि मान खाली घातली.

पंगतीत बहीण स्वतः मला वाढायला आली. तिचा आवाज दुखावलेला होता.

"दादा, थोडं आधी निघायचंस रे. विमान काय कुणासाठी थांबतं?"

मी सगळे क्रमाने सांगितले: पट्टी, रेघ, भागाकार. तिने ऐकून घेतले आणि पानात आणखी एक जिलबी वाढली. मागून विहिणीचा आवाज आला, "हेच का ते मामा, ज्यांचं विमान चुकलं?"

"हो, हेच," बहीण म्हणाली.