पाय कापलेलं डेस्क

माझा जुना मित्र अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकलूजच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट पाहत होतो. त्याच्याशीच भांडायला निघालो होतो... महिना होऊन गेला, भांडण तसंच पोटात आहे.

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्याच्या पुढच्या खोलीत माणसांपेक्षा जुनी डेस्कंच जास्त. निवृत्त झाल्यापासून तो ती गोळा करायचा. पेढीवरचं बुटकं डेस्क गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचं. झाकण उतरतं, मान वाकू नये म्हणून. मग साहेबाबरोबर खुर्ची आली आणि डेस्काला पाय फुटले, असं रंगवून सांगायचा. एकदा मी एकाला नवी कडी लावायला सुचवलं, तर कितीतरी दिवस धड बोलला नाही. "जुन्याला हात लावायचा न्हाय. पुसायचं, जपायचं, बास."

त्याचं लाडकं म्हणजे बंद गिरणीच्या कचेरीतलं, उतरत्या झाकणाचं उंच सागवानी डेस्क. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवलेले. शेवटच्या भेटीत पाहतो तर त्याचे चारही पाय कापलेले!

"अरे, कुणी केलं हे?"

"मीच की."

"पण का?"

"खाली बसून बघ," एवढंच म्हणाला आणि चहाचं सांगायला आत गेला. त्याचाच जाब विचारायला मी त्या दिवशी निघालो होतो.

दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या बायकोला, लक्ष्मीवहिनींना, विचारलं. त्या चकित झाल्या. "मला वाटलं तुमच्यासाठीच कापलं, भावजी. तुमी आलं की खालीच बसता की." मला वाटत होतं, वहिनींसाठी. पण त्यांना लिहिता-वाचता येत नाही. तेवढ्यात हे डेस्क विकत मागणारा, अंबादासनं अनेकदा परत पाठवलेला एक व्यापारी आला. कापलेले पाय पाहून हळहळला. "याला आता कोण घेणार?" म्हणत निघून गेला.

वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "बरं झालं. आता हे हितनं कुटं जात न्हाय."

म्हणून कापलं असेल? की गुडघे धरल्यापासून खुर्चीत अवघडणाऱ्या त्याला स्वतःलाच मांडी घालून बसायचं होतं? पण गुडघे दुखणारा माणूस मांडी तरी कशी घालणार? मला खरंच कळत नाही.

मी त्या डेस्कापाशी खाली बसलो. वहिनी सूप घेऊन समोर बसल्या आणि खुशाल झाकणावर तांदूळ ओतले. ते उतारावरून घसरले आणि लेखणी अडावी म्हणून लावलेल्या पट्टीशी थांबले. वहिनी तिथंच खडे वेचायला लागल्या. अंबादास असता तर ओरडला असता... की नसता?