बरं-वाईट झालं तर

विम्याचा एजंट दिसला की लोक दार लावून घेतात, असं बाहेरचे म्हणतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात तसं नाही. इथं खुर्ची देतात, पाणी देतात, चूल पेटलेली असली तर चहाही देतात. सगळं नीट ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "ठीक आहे बाई, धान निंगला का मंग पाहू." धान निघतो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन जाते, तरी त्यांचं ते पाहणं काही संपत नाही. दार लावलं असतं तर पेट्रोल तरी वाचलं असतं.

नवऱ्याची राईस मिल बंद पडली तेव्हा मी या धंद्यात शिरले. परीक्षा दिली, कंपनीचा कोड मिळाला, एक काळी बॅग मिळाली. पगार नाही. पॉलिसी निघाली तर कमिशन, नाही निघाली तर दिवसभराचं ऊन आपलं. आमचा विमा मोठा नव्हताच. मोठ्या विम्याच्या जोडीला घ्यायचा तो हा विमा: दवाखान्यात भरती झालात तर रोजचे ठरलेले पैसे, हातपाय मोडला तर काही, आणि अपघातानं माणूस गेला तर घरच्यांना एकरकमी. अपघातात साप चावणंही धरलेलं होतं. धानाच्या मुलखात त्याच एका ओळीवर माझ्या निम्म्या पॉलिसी निघाल्या.

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये टाय लावलेल्या साहेबानं शिकवलं होतं की माणसाला आधी घाबरवा, मग सही घ्या. हा साहेब कधी आमच्याकडच्या ओसरीवर बसला असता तर त्याला कळलं असतं. अर्जुनी मोरगावकडच्या एका घरी मी त्यानं शिकवलं तसंच सुरू केलं, "समजा, तुमचा मुलगा उद्या मरण पावला, तर..." आतून म्हातारी तरातरा बाहेर आली. "सकाळी सकाळी माह्या पोराच्या मरणाच्या गोष्टी करून राहिली? उठ. आधी उठ इथून." अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले. राग असा आला होता की स्कूटीला किक मारता मारता चप्पल तुटली. पण राग धरणार कोणावर? तिचंही काही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मरण हा शब्दच टाकून दिला. "देव न करो, काही बरं-वाईट झालं तर," एवढंच म्हणायची आणि पुढं सरकायची. अडचण एकच होती. पॉलिसीच्या फाईलचं शेवटचं पान. त्यावर वरच ठळक अक्षरात छापलेलं होतं: "विमाधारकाचा मृत्यू झाल्यास काय करावे". लोक फाईल हातात आली की मागूनच उघडतात, का कोण जाणे. ते पान दिसलं की बायांचे चेहरे उतरायचे, आणि दोन-तीन वेळा तर ठरलेली सही राहिली. मग मी एक युक्ती काढली. ते पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवायचं, वर एक पिन, खाली एक पिन. कोणी विचारलंच तर सांगायची, "ते नंतरचं आहे जी. लागलंच कधी तर मी आहे ना."

मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. नव्या पोरींनाही मी ती शिकवली, आणि वर चहा पाजून शिकवली.

दवनीवाड्याच्या पुढं एका गावाच्या फाट्यावर माझी स्कूटी पंक्चर झाली, तिथं तो भेटला. टिनाच्या टपरीत पंक्चरचं दुकान, मागं थोडी शेती, घरी बायको आणि एक मुलगी. चाक काढता काढता त्यानं बॅगेकडं पाहिलं. "काय विकता म्याडम? साड्या का?" मी म्हटलं, विमा. "मंग आधी या टायरचा काढा. याचं काई खरं नाई," म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसला. मलाही हसू आलं. टायर घमेल्यातल्या पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधत होता आणि मी माझं पुराण सांगत होते. साप चावण्याच्या ओळीवर त्यानं मान वर केली.

"याच्यात पोरीचं भागंल का ताई?" आता मी म्याडमची ताई झाले होते. "पोरगी नर्सिंगले गेली आहे गोंदियाले. आमच्या खानदानात पयली. मी रायलो नाई रायलो, तिचं नर्सिंग अटकले नाई पायजे. मले बस तेवढंच पायजे."

मी म्हटलं, "भागेल भाऊ. तेवढ्यासाठीच तर आहे."

त्यानं काळ्या हातानं सही केली. अंगठ्याचा काळा डाग फॉर्मवर उमटला तो मी खोडरबरनं घासत बसले. फाईल द्यायला त्याच्या घरी गेले तेव्हा बायकोनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि मागूनच उघडली. पान उघडेना. "हे काऊन चिपकवलं जी?" तिनं विचारलं. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. "लागलंच तर मी आहे ना वहिनी." तिनं फाईल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

दोन वर्षं त्यानं एकही हप्ता चुकवला नाही. मी त्या रस्त्यानं गेले की हवा फुकट भरून द्यायचा आणि ओरडून विचारायचा, "टायरचा इमा काढला का ताई?"

मग रोवणीच्या दिवसांत त्या गावातल्या माझ्या दुसऱ्या एका ग्राहकाचा फोन आला. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटताना पंक्चरवाल्या भाऊला साप चावला होता. दवाखान्यात नेण्याऐवजी लोकांनी त्याला शेजारच्या गावी मंत्र टाकणाऱ्याकडं नेलं. तिथंच अंगणात तो गेला. आता घरी आणला होता.

मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती, बांबू कापणं चालू होतं. वहिनी आत होती. तिचं रडणं थांबून थांबून ऐकू येत होतं. मुलगी गोंदियाहून यायची होती, तेवढ्यासाठी खोळंबले होते. मी बायांमध्ये जाऊन बसले. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ते शेवटचं पान उघडलं. मला ते पाठ होतं. आपल्याला पाठ आहे म्हणूनच तर मी ते लोकांपासून बंद करून ठेवलं होतं. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांना कळवा. पंचनामा करा. पोस्टमार्टेम करा, त्याचा रिपोर्ट नसेल तर दावा मंजूर होणार नाही. तीन ओळी.

पोलीस पाटीलही तिथंच होता. तो हळूच म्हणाला, "दवाखान्यात न्या लागते वाटते जी. साप चावला म्हणून लेहून घेतेत." मयताचा मोठा काका खाटेवर बसला होता. तो उसळला. "कायले? मेलेल्या माणसाले चिरून पाह्यते का? धड अंगानं गेला, धड अंगानं जाऊ दे." दोघं-तिघं हो म्हणाले. पोलीस पाटलानं मान खाली घातली.

तो क्षण माझा होता. मी उठून एवढंच म्हणायचं होतं: काकाजी, नेलं नाही तर पोरीला काहीच मिळणार नाही. माझ्या तोंडात शब्द आले होते, खोटं नाही सांगत. पण मला ती अर्जुनीची म्हातारी आठवली. वाटलं, प्रेत दारात आहे आणि ही एजंट बाई चिरफाडीचं बोलते, पैशाचं बोलते, लोक काय म्हणतील? आत रडणाऱ्या त्या बाईच्या कानावर हे कसं घालू? मी स्वतःला समजावलं की हे माझं सौजन्य आहे. सौजन्य कसलं डोंबलाचं! मी भ्याले होते.

मुलगी आली. नर्सिंगच्या पांढऱ्या ड्रेसवरच आली होती. अर्ध्या तासात सगळं उरकलं. नदीकडून धूर वर चढताना मी पाहिला आणि मला कळलं की दावा त्या धुरातच गेला.

तरी मी फॉर्म भरला. सरपंचाचं पत्र लावलं, पोलीस पाटलाचा दाखला लावला, मंत्र टाकणाऱ्याच्या शेजाऱ्याचा जबाबही लावला. गोंदियाच्या ऑफिसातल्या साहेबानं कागद चाळले आणि म्हणाला, "मॅडम, आप तो पुरानी हो. पीएम रिपोर्ट कहाँ है?" मी म्हटलं, तुम्ही पाठवून तर बघा. वहिनीला फोनवर सांगत राहिले, होईल, वेळ लागते. हेही खोटंच होतं. काही आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं, एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. मुलीचं तिसरं वर्ष सुरू होऊन गेलं होतं. फी भरली नाही म्हणून तिची खाट हॉस्टेलमधून उचलली होती.

फोनवर तोंड लपवता येतं. म्हणून मी गेले. टपरीवर मुलगी होती. तिनं दुकान उघडं ठेवलं होतं. एका सायकलचं चाक घमेल्यातल्या पाण्यात फिरवत होती. मला पाहून उठली, हात पुसले, "आई घरी आहे," म्हणाली, आणि परत बसली. तिच्या अंगठ्यावर तसाच काळा डाग होता. मला तिच्याकडं पाहवेना.

वहिनीनं खुर्ची दिली. पाणी दिलं. आमच्याकडं कितीही झालं तरी पाणी देतातच. तिच्या मांडीवर फाईल होती. शेवटचं पान मोकळं होतं. दोन्ही पिना तिनं सरळ करून बाजूला पाटावर ठेवल्या होत्या.

"पत्र आलं तेव्हा उघडलं मी," ती म्हणाली. "मले वाचता येते ताई. दहावी झाली आहे मी."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"या पिना कंपनीनं मारल्या का तुमी?"

सगळ्यांत सोपं होतं कंपनी म्हणणं. जिभेवर आलंही होतं. "मी," मी म्हटलं.

"आन् मातीच्या दिवशी तुमी अंगणात होत्या."

"होते."

"तुमाले मालूम होतं हे?"

"हो वहिनी. पाठ होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या तर अजून बरं. तिनं फाईल माझ्याकडं सरकवली. "वाचा."

"वहिनी..."

"मले आता वाचून दाखवा. तवा वाचायचं होतं तसं."

मी वाचलं. माझ्याच तोंडून मी तो शब्द किती वर्षांनी काढला. विमाधारकाचा मृत्यू झाल्यास काय करावे. पोलिसांना कळवणे. पंचनामा. शवविच्छेदन. माझा आवाज फाटत होता, तरी तिनं मला थांबवलं नाही. टपरीवरून पंपाचा आवाज येत होता, पोरगी कोणाच्या तरी चाकात हवा भरत होती. तिची हवा भरून व्हायच्या आत माझं वाचून झालं.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"तुमी म्हणल्या होत्या, लागलंच तर मी आहे ना." ती पाटावरच्या पिनांकडं पाहत होती. "खोटं नाई बोलल्या. तुमी होत्याच."

मी सांगायला गेले की काकाजींचा राग होता, तुमची हालत होती, तुम्ही आत रडत होतात, तुमच्या जिवाला किती लागलं असतं. मी काय काय सांगत होते देव जाणे. तिनं हात वर केला आणि मी गप्प झाले.

"मले तेवढं लागलं असतं, आन् मी ते सोसलं असतं," ती म्हणाली. "पोरीसाठी मी म्हणली असती, घेऊन जा, चिरा. काकाजीच्या समोर उभी राहून म्हणली असती. पण एकानं तरी आत येऊन मले इचारायचं होतं ताई. मी त आतच होती."