पूतनेचं मरण राहून गेलं

डोणगाव मागे पडून बराच वेळ झाला होता, तरी सत्यभामाकाकू कुठे टेकल्या नव्हत्या. वस्तीकडे जाणारी जीप आज आलीच नाही. तेव्हा काकूंनी पदर कमरेला खोचला आणि तुरीच्या शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, सरळ घराची वाट धरली. मागून सारिका चालत होती. चप्पल चावत होती, पिशवी खांद्यावरून घसरत होती आणि ओठांवर सकाळपासून देवाचं नाव सुरू होतं.

"काकू, जरा दम घ्या ना."

"दम घरी घेतो. मले एवढंच सांग, त्या दिवशी मी तिले बांधलं होतं ना?"

"बांधलंच असेल."

"असेल म्हणू नको, बाई. तू समोर होती."

सारिका समोर होती खरी, पण तिचं सगळं लक्ष कॅमेऱ्यात होतं. बांधलं की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

चिखलीच्या शाळेत मराठी शिकवणारी सारिका लोककलांच्या एका कोशासाठी कळसूत्री बाहुल्यांच्या नोंदी लिहायची. कोशाचा पहिला खंड छापून निघाला होता. पुढचं सगळं इंटरनेटवर टाकायचं ठरलं, म्हणजे बाहुली नुसती दिसणार नाही, हलतानाही दिसेल. त्यासाठीच ती काकूंकडे गेली होती. काकूंच्या सासरी थोडी शेती होती आणि सुगी आटोपली की गावोगाव बाहुल्यांचा खेळ.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं त्यांच्या हातात सगळ्यात आधी पूतनेच्या दोऱ्या दिल्या. घरात दुसरं कोणी ती बाहुली हातात घ्यायला तयार नव्हतं आणि नव्या सुनेला नाही म्हणायची सोय नव्हती. सुंदर बाईचा मुखवटा, एक दोरी ओढली की तो खाली पडतो आणि आतून वटारलेले डोळे बाहेर येतात. काकूंचे हात पहिल्या खेळाला थरथरले ते कायमचेच. नवरा, इंद्रभान, हसायचा. "तू भेतं म्हणून ते जित्ती वाटते," म्हणायचा.

घरात तिचं नाव कोणी घेत नसे. नुसतं मावशी म्हणायचे. काकूंना दिवस गेले की मावशी शेजाऱ्यांकडे जायची आणि बाळ रांगायला लागलं की परत यायची. नेम ठरलेले होते. बाळकृष्णानं मावशीचा जीव घेतला की तिच्याच दोऱ्या तिच्या हातापायांना गुंडाळायच्या, तोंडावर लाल फडकं बांधायचं आणि पेटीच्या तळाला पालथी ठेवायची. मावशी आणि कृष्ण कधीही एकाच माणसाच्या हातात द्यायचे नाहीत. मारणारा आणि मरणारी एका हातात आले तर ते मरण लागू पडत नाही. म्हणून काकूंकडे मावशी आणि इंद्रभानकडे कृष्ण, असं सगळं आयुष्य चाललं.

इंद्रभान गेल्यावर खेळ थांबला. सारिका चित्रण करायला आली तेव्हा कृष्ण धरायला माणूसच नव्हतं, म्हणून मावशी डोळे वटारते तिथपर्यंतच चित्रण झालं. "पुढचं मी नोंदीत लिहीन," सारिका म्हणाली होती. काकूंनाही ते पटलं. छापलेल्या खंडात तसंच तर होतं. मावशी येते, बाळाला जवळ घेते, मरून बांधलेली पडते, अशी तीन चित्रं एकाच पानावर आणि खाली मजकूर.

पण फोनमध्ये नोंद कोण वाचतं?

धुऱ्यालगतच्या गाडीवाटेनं वस्तीवरचा उकंडराव बैलगाडी घेऊन समोरून आला. काकूंना पाहून त्यानं कासरा ओढला.

"काय वो वहिनी, तुमची बाहुली तं लय फेमस झाली! माह्या नातवाच्या फोनात हाय. येते, डोळे वटारते, अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू!"

"मरत नाही का शेवटी?" काकूंनी विचारलं.

"कायची मरते! चालूच राह्यते. पोरगं जेवत नाही तं सून तेच दाखवते त्याले."

तो हसत गाडी हाकून गेला. काकू तिथंच धुऱ्यावर उभ्या राहिल्या.

"तू म्हणत होती, ते फिल्लम काढून टाकली."

"काढली हो काकू. तुम्ही सांगितलं त्याच दिवशी कोशातून काढायला लावली. पण लोकांनी आधीच एकमेकांना पाठवून ठेवली, ती कशी काढू?"

काकूंची लेक राखी, सातवा महिना. जावेच्या फोनवर तिनं मावशीला डोळे उघडताना पाहिलं आणि तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागेना. ज्या बाहुलीपासून आईनं तिला पोटात असताना लांब ठेवलं, ती आता उशाशी येऊन बसली होती. प्रेशर वाढलं म्हणून मेहकरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. काल डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके दोनदा ऐकले आणि लगबगीनं बाहेर निघून गेल्या. आज सकाळी राखीनं आईचा हात घट्ट धरून एकच विचारलं होतं. "माय, तू तिले बांधलं का?"

काकूंना नेमकं आठवत नव्हतं. म्हणून ही पायपीट.

वस्ती आली. कुलूप सारिकानं काढलं. आत शिळ्या, कोंदट हवेचा वास. पेटी कोपऱ्यात होती. दोघींनी आधी देवापुढं दिवा लावला, मग काकू पेटीपाशी बसल्या. झाकण उघडताना सारिकानं डोळे मिटून घेतले. वरचे राजे, गवळणी, गणपती एकेक करून बाहेर निघाले. मग काकूंचा हात थांबला.

"बांधेल हाय," त्या म्हणाल्या.

सारिकानं पाहिलं. दोऱ्या गुंडाळलेल्या, लाल फडकं जागेवर, मावशी पालथी. तिनं हात जोडले. "चला, देव पावला. आता राखीला फोन करून सांगा."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. देवाजवळ कापडात गुंडाळून ठेवलेला खंड काढला, ते पान उघडलं आणि तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे इथली मेलेली हाय. पेटीतली बी मेलेली हाय. तुह्या फोनातली जित्तीच हाय, बाई. तिचं मरण आपण केलंच नाही. राखीले काय सांगू मी?"

हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं ती दवाखान्यात राखीला समजावत होती. इथं, त्या पालथ्या बाहुलीसमोर, तिचे हात पुन्हा जोडले गेले.

काकूंनी गवळणींखालून बाळकृष्ण काढला. वितीएवढा, निळा रंग गालावर उडालेला. पदरानं पुसला आणि त्याच्या दोऱ्या बांधलेली लाकडी पट्टी सारिकासमोर धरली.

"मला नाही येत हो काकू."

"मले तरी कुठं येत होतं? लेकराचं बोट धरतो तसं धर. तो आपला आपण जाते. राखीचे बाबा असंच सांगायचे."

"पण मीच का?"

"माहे हात जल्मभर मावशीचे हायेत. तू साऱ्या वाटेनं देवाचं नाव घेत आली, मी ऐकून राह्यलो होतो." काकूंचा आवाज आता अगदी खाली आला होता. "तुहा फोन त्या खिडकीत ठेव. मी तिले सोडतो. तू कृष्ण धर, अन् माह्या लेकीसाठी तिले मार. मंग ते सगळ्यायले पाठव, ज्याच्या ज्याच्याजवळ ते जित्ती गेली त्या सगळ्यायले."