ओढ्याच्या दोन्ही टोकांची माणसे

सुमनताई दाभाडे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या मुलाखतीसाठी, आणि ती मुलाखत झालीच नाही. नगररचनेची पदवी घेऊन मी पुण्याहून नुकतीच घरी परतले होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. शहर आणि भोवतालची गावे यांचा एकत्र विचार करून आराखडा करायचा, यासाठी एक लहानसे कार्यालय सुरू झाले होते आणि ताई त्याच्या प्रमुख होत्या. इस्त्रीची साडी नेसून, प्रमाणपत्रे छातीशी धरून मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी प्रमाणपत्रांकडे पाहिलेही नाही. माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "या चपलांनी चालवेल का तुम्हाला? मी दौलताबादकडं निघालेय. चला, वाटेत बोलू."

त्या दिवशी टेकड्यांच्या पायथ्यापासून शहराच्या हद्दीपर्यंत आम्ही एका ओढ्याच्या काठाने चाललो. ताई मधूनच थांबत, शेतात काम करणाऱ्या बायकांशी बोलत, पुन्हा चालू लागत. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, हा ओढा कुणाचा? मी म्हणाले, नकाशात बघावे लागेल. त्या हसल्या. वरचा भाग वनखात्याचा, मधला ग्रामपंचायतीचा आणि खालचा शहराचा, असे तो नकाशात तिघांचा आहे आणि म्हणूनच त्याला कुणी वाली नाही, असे त्यांनी मला समजावले. दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झाले. साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि पायांत बूट घालून.

ताईंच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी त्या ओढ्याबद्दलच लिहिणार आहे, कारण ताई मला जशा कळल्या तशा त्याच्याच काठाने कळल्या.

ताईंचा जन्म कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. वडील गवंडीकाम करीत. धम्मदीक्षेनंतर लेकरांनी शिकलेच पाहिजे, या निश्चयाने झपाटलेल्या पिढीतले ते गृहस्थ होते. लोकांची घरे बांधणाऱ्याची मुलगी गावेच्या गावे आखायला शिकली, याचा त्यांना फार अभिमान होता. ताई मात्र म्हणत की, वडिलांकडून आपण बांधायला नव्हे, विचारायला शिकलो. घरमालकाच्या बायकोला विचारल्याशिवाय चूल कुठे येणार हे ते कधी ठरवीत नसत.

मी रुजू झाल्यानंतरच्या भाद्रपदात एका दुपारी दौलताबादच्या डोंगरांवर ढग अक्षरशः रिते झाले. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेलवाडी नावाचे गाव आणि त्याचा जुना तलाव. खालच्या अंगाला, शहरात शिरताच संजीवनीनगर नावाची दाट वस्ती. बघता बघता वस्तीत छातीइतके पाणी चढले. रिक्षा चालवणाऱ्या शकीलभाईंनी आपल्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन शाळेच्या जिन्यावर पोचवले आणि परत येईतो त्यांच्या घराची भिंत गेली होती. शेजारच्या कमलबाई वाहत्या पाण्यात विजेच्या खांबाला धरून राहिल्या, म्हणून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसे चिडून शेलवाडीवर चालून जायच्या गोष्टी करू लागली. शेलवाडीकरांनी तलावाच्या सांडव्याची, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट बुजवून तिथे प्लॉट पाडले, म्हणून तलाव फुटायला आला आणि पाणी आमच्यावर सोडले, असे त्यांचे म्हणणे होते. शेलवाडीकरही काही कमी तापलेले नव्हते. शहरातले पाडलेल्या घरांचे दगडविटांचे ढिगारे ट्रक भरभरून रोज त्यांच्या ओढ्यात रिकामे होत होते, त्याने पाणी तुंबून त्यांची कपाशी कुजली होती. त्यांनी रस्त्यात ट्रॅक्टर आडवे लावून ट्रक अडवले होते. दोन्हीकडचे म्हणणे खरे होते आणि त्यामुळेच भांडण मिटण्यासारखे नव्हते.

ताईंनी दोन्ही बाजूंना शहरातल्या सभागृहात बोलावले. ती बैठक पार फसली. शेलवाडीचे सरपंच भाऊसाहेब वेळेवर आले, पण कुणाच्या तरी निष्काळजीपणाने त्यांना बाहेरच्या बाकावर ताटकळत बसावे लागले आणि ते तसेच उठून निघून गेले. आम्हाला वाटले, संपले सगळे. ताईंनी कुणालाही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप काढायला सांगितली आणि शेलवाडीत भाऊसाहेबांच्या ओसरीवर जाऊन त्यांची माफी मागितली. बोलावणाऱ्याने पाहुण्याला दारात बसवून ठेवले तर चूक बोलावणाऱ्याची, एवढेच त्या म्हणाल्या.

भाऊसाहेब नरमले. माणसे जमली. तेवढ्यात मागून कुणीतरी ताईंना गाव विचारले, मग आडनाव विचारले. ताईंनी शांतपणे सांगितले, "पिशोरची. दाभाडे. आम्ही बौद्ध आहोत. आता पाण्याचं बोलू."

पाण्याचे बोलणे झाले. मग चहा आला. सगळ्यांना कपबशीत आणि ताईंना तेवढा कागदी पेल्यात. माझ्या अंगाची आग झाली. मी माझी कपबशी खाली ठेवली. ताईंनी चहा प्यायला, ओढ्याचा विषय पुरा केला, पुढच्या बैठकीचा दिवस ठरवला आणि मगच उठल्या. परतताना जीपमध्ये मी रडकुंडीला आले होते. एवढे होऊनही आपण गप्प का राहिलात, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "आज मी ओढ्यासाठी आले होते. कपासाठी पुन्हा येईन."

त्यांचा हा स्वभाव मला पुढे अनेकदा दिसला. त्या काहीही विसरत नसत. पण कोणत्या दिवशी कोणते काम हाती घ्यायचे, हे त्यांचे पक्के असे.

पुढची बैठक त्यांनी बसून घेतलीच नाही. दोन्हीकडच्या माणसांना तलावापासून संजीवनीनगरपर्यंत ओढ्याने चालवत आणले. सुरुवातीला दोन टोळकी एकमेकांपासून लांब लांब चालत होती. राडारोड्याच्या ढिगाऱ्याशी आल्यावर शकीलभाई थांबले. एका तुटक्या फरशीवर अजून रंगीत नक्षी दिसत होती. ती त्यांच्याच गल्लीतल्या पाडलेल्या घराची होती. ते भाऊसाहेबांना म्हणाले, "दादा, ये तो हमारेच मोहल्ले का माल है. तुमारे खेत में कायकू पडा?" वस्तीत पोचल्यावर भाऊसाहेबांनी शकीलभाईंच्या पडक्या भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिली. भिंतीला लागून उभे राहून ती आपल्या छातीशी येते हे पाहिले. त्या दिवशी दोन्हीकडून कुणी आवाज चढवला नाही.

मात्र मन वळणे वेगळे आणि जमीन सोडणे वेगळे. सांडव्याच्या वाटेवरचे सगळ्यात मोठे कुंपण भाऊसाहेबांच्या सख्ख्या भावाचे होते. भाऊ ऐकेना. घरात बोलचाल बंद झाली. याच सुमारास ताईंच्या बदलीचा हुकूम आला. वरून कुणीतरी सूत्रे फिरवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. ताईंनी मात्र त्याची चर्चा कधी केली नाही. लांबच्या जिल्ह्यात त्या रुजू झाल्या आणि दर रविवारी सकाळी एसटीने इथे येऊन हजर होऊ लागल्या. पद नव्हते, जीप नव्हती. भाऊसाहेबांच्या भावाकडे जाऊन त्या त्याच्या बायकोशी शेतीचे, लेकरांच्या शिक्षणाचे बोलत बसत. कुंपणाचा विषय काढीत नसत. एका रविवारी त्या भावानेच विचारले की, बाई, तुमची बदली झाली म्हणतात, मग आता तुम्ही कशापायी येता? ताई म्हणाल्या, "बदली माझी झाली, ओढ्याची नाय ना झाली." आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, त्याने स्वतः कुंपण काढले. तलावाजवळच गावाने त्याला बदली जागा दिली, हेही ताईंनीच पंचायतीला सुचवले होते. कुणाचे नुकसान करून झालेली सोय टिकत नाही, असे त्या नेहमी सांगत.

त्याच काळातली घरची एक गोष्ट सांगायला हवी. माझे लग्न नुकतेच झाले होते आणि सुनेने रविवारी खेड्यापाड्यांतून परक्या माणसांबरोबर हिंडावे, हे सासूबाईंना मान्य नव्हते. मी नोकरी सोडायच्या विचारात होते. ताईंना मी काहीच बोलले नव्हते, पण त्या ओळखून होत्या. एका रविवारी त्या थेट आमच्या पडेगावच्या घरी आल्या, पिठलं-भाकरी मागून खाल्ली आणि सासूबाईंना म्हणाल्या की, शेलवाडीत बायकांची बैठक आहे, मला सोबत हवी, तुम्ही येता का? सासूबाई गांगरल्या, पण आल्या. त्यांचे माहेर दौलताबादचे, त्यामुळे शेलवाडीत ओळखी निघाल्या. संध्याकाळी परतताना त्यांनी ताईंना विचारले, "पुढच्या ऐतवारी किती वाजता निघायचं?" आज माझ्या नावापुढे जे काही लागले आहे, ते त्या पिठलं-भाकरीमुळे.

हळूहळू सगळे ठरले. शेलवाडीने सांडव्याची वाट मोकळी ठेवायची आणि तलावातला गाळ काढायचा. शहराने राडारोड्यासाठी वेगळी जागा द्यायची, तिथे तो दळून पुन्हा बांधकामात वापरायचा, ओढ्यात एकही ट्रक रिकामा होऊ द्यायचा नाही. तज्ज्ञ मंडळींना हे पुरेसे वाटले. ताईंनी त्यात एक साधी गोष्ट घातली. तलाव भरत आला की शेलवाडीच्या सरपंचांनी कुठल्याही कचेरीला कळवायच्या आधी वस्तीतल्या शकीलभाईंना फोन करायचा.

हा समझोता सर्वांसमोर वाचला गेला तो संजीवनीनगरच्या बुद्धविहारात. शेलवाडीची सगळी मंडळी आली, खाली सतरंजीवर बसली. वाचन झाल्यावर ताईंनी भाऊसाहेबांना बाजूला घेतले. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आले. "भाऊसाहेब, आता कपाचं बोलायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांना काय ते लगेच उमगले. त्यांनी मान खाली घातली. पुढच्या वेळी आम्ही शेलवाडीत गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने सर्वांना एकसारख्या कपबशांतून चहा दिला, आणि स्वतःचा कप घेऊन त्या ताईंच्या शेजारी बसल्या. गावातल्या सगळ्याच घरांत असे झाले, असा दावा मी करणार नाही. त्या घरात झाले.

या साऱ्याची परीक्षा काही पावसाळ्यांनी झाली. एका दुपारी शकीलभाई रिक्षात गिऱ्हाईक घेऊन चालले होते. भाऊसाहेबांचा फोन आला, "सांडवा सुटला, पाणी लई आहे. लेकरं-म्हातारी आधी हलवा." शकीलभाईंनी गिऱ्हाईक वाटेत उतरवले आणि वस्ती गाठली. मी पोचले तेव्हा बायका लेकरांना कडेवर घेऊन शाळेच्या जिन्याकडे निघाल्या होत्या, कमलबाई सगळ्यांत पुढे. पाणी आले. मोकळ्या झालेल्या ओढ्यातून ते जोरात, पण आपल्या वाटेने गेले. थोड्या घरांच्या उंबऱ्यांपर्यंत चढले आणि उतरले. भिंत एकाचीही पडली नाही. भाऊसाहेबांचे फोन मात्र थांबेनात. सगळे सुखरूप आहेत हे शकीलभाईंनी सांगितल्यावरही त्यांचा विश्वास बसेना. शेवटी शकीलभाईंनी आपल्या आईच्या हाती फोन दिला. ती माउली बोलली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. ताईंना मी फोनवर हे कळवले. त्यांनी एवढेच विचारले की, शेलवाडीत कुणाचे काही नुकसान नाही ना झाले?

निवृत्तीनंतर ताईंचे नाव दूरवर पोचले. जालना, पैठण, कन्नडची मंडळी ओढा पाहायला येऊ लागली. मग शेजारच्या देशांतल्या शहरांची एक परिषद इथेच भरली. पूर, उष्मा, पाणीटंचाई यांना शहरांनी एकमेकांच्या मदतीने कसे तोंड द्यावे, हा विषय. ताईंचे भाषण मुख्य होते. त्या व्यासपीठावर गेल्या, चार वाक्ये बोलल्या आणि भाऊसाहेब व शकीलभाईंना वर बोलावून स्वतः खाली येऊन बसल्या. दोघेही आधी घाबरले, मग असे रंगले की एकमेकांचे बोलणे तोडू लागले, आणि दुभाष्याची त्रेधा उडाली. नेपाळहून आलेल्या एक महापौरबाई नंतर ताईंचा हात धरून म्हणाल्या की, आमच्याही नदीच्या वरच्या अंगाला माणसे राहतात, पण त्यांच्या घरी आम्ही अजून गेलोच नाही. परत जाऊन त्या घरी गेल्यावर त्यांनी ताईंना तसे कळवले. तिथे नदीच्या दोन्ही अंगांच्या माणसांत अजूनही बोलणे चालू असते.

ताईंचा राग मी पाहिला आहे, हेही लिहायला हवे. नकाशा पाहून वस्ती हलवायच्या गोष्टी करणाऱ्या एका तरुण अधिकाऱ्याला त्यांनी माझ्यादेखत खडसावले होते. पण त्याच अधिकाऱ्याच्या वडिलांचे आजारपण निघाले, तेव्हा रुग्णालयात डबा घेऊन जाणाऱ्याही ताईच होत्या. मदत केल्याची वाच्यता त्या करीत नाहीत, आणि कुणी केली तर विषय बदलतात. हा लेख वाचून त्या माझ्यावर रागावणार आहेत.

सध्या ताईंनी पिशोरचे काम हाती घेतले आहे. बाजार वाढला, गाव शहरासारखे होत चालले आणि सांडपाण्याला वाट उरली नाही. आजूबाजूच्या गावांना एकत्र बसवायचा त्यांचा खटाटोप चालू आहे. तिथेही पहिली बैठक फसली म्हणे. ताईंनी हे मला इतक्या उत्साहाने सांगितले, की जणू काम मार्गी लागले असावे.

मागच्या आठवड्यात या ग्रंथासाठी त्यांची अनुमती घ्यायला गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे पाया पडले आणि म्हणाले, ताई, शंभर वर्षे जगा. त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "शंभराचं मागाहून बघू गं. पिशोरची चढण चढता येईल एवढा हा गुडघा बरा होऊ दे."

तेव्हा आम्हा सर्वांच्या वतीने प्रार्थना इतकीच, की ताईंचा गुडघा लवकर बरा होवो. पिशोरची चढण त्यांना सोपी जावो. त्या चढतील तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्यासोबत असोत. आणि हे काम पुरे झाल्यावर त्यांना दुसरा एखादा ओढा सापडो, मग तिसरा, मग चौथा. ते सगळे मार्गी लावायला जेवढे आयुष्य लागेल, तेवढे त्यांना मिळो.